देश बघायचा म्हणून फौजेत डॉक्टर व्हावं का?

पत्र

सर, मी 25 वर्षांची आहे. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपून वर्ष झालं. सध्या एका खासगी रुग्णालयात आरएमओ म्हणून रात्रपाळ्या करते. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारी-नोकरीसाठी, अर्ज करायचं मनात आहे. लोकांना मी 'देशसेवा' असं सांगते. खरं कारण वेगळं आहे. महाराष्ट्राबाहेर मी आजवर दोनदाच गेले, एकदा तिरुपतीला आणि एकदा गोव्याला, मावसबहिणीच्या लग्नाला. मला देश बघायचा आहे. आई म्हणते, देश बघायला रेल्वेचं तिकीट मिळतं, त्यासाठी वर्दी कशाला? मैत्रिणी पीजीच्या तयारीला लागल्यात. बाबा काहीच बोलत नाहीत. माझं कारण बालिश आहे का? आणि पोस्टिंगमधून खरंच देश दिसतो का? मुलाखतीत हे सांगितलं तर हसतील का?
— द्विधा

उत्तर

तुला अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या भाचीएवढी आहेस.

पहिली गंमत ही की तूही आरएमओ आणि मीही आरएमओ होतो. तुझ्या रुग्णालयात त्याचा अर्थ रात्रभर जागणारा निवासी डॉक्टर. फौजेत त्याचा अर्थ रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे एका अख्ख्या पलटणीचा एकटा डॉक्टर. हाताशी दोन-चार नर्सिंग असिस्टंट, औषधांच्या पेट्या आणि एमआय रूम नावाची रुग्ण तपासायची एक खोली. ती खोली कधी पक्क्या इमारतीत असते, कधी तंबूत, कधी बर्फात खणलेल्या बंकरमध्ये. या खोलीतून देश दिसतो का, हे तू विचारतेस. दिसतो. पण तुझ्या डोक्यात जो आहे तो नाही दिसत, आणि आपोआप तर मुळीच दिसत नाही.

आईचं म्हणणं खोडून काढायच्या भरीस पडू नकोस, तिकीट मिळतं हे खरंच आहे. तिला एवढंच विचार, तिकीट काढून मी जून महिन्यात बाडमेरला गेले असते का? किंवा जानेवारीत लेहला, नळ गोठलेले असताना, दोन वर्षांसाठी? प्रवासी चांगल्या ऋतूत जातो आणि ऋतू बदलायच्या आत परततो. माझा राजस्थान वाळूच्या टेकडीवरच्या सूर्यास्ताचा नाही, उष्माघाताने बेशुद्ध पडलेल्या पोराच्या अंगावर ओल्या चादरी टाकून पंखा मारण्याचा आहे.

आता दुसरी बाजू, जी भरतीच्या जाहिरातीत कोणी छापत नाही. छावणी ही देशातली सगळ्यात एकसारखी जागा आहे. फिरोजपूर असो, झाशी असो की दिमापूर, रस्त्याच्या कडेचे दगड गेरू-चुन्याने रंगवलेले, मेसमध्ये तीच चांदीची ढाल, कँटीनमध्ये तोच साबण आणि रविवारी तीच पुरी-भाजी. वीस वर्षांत बारा गावं फिरलेले अधिकारी मी पाहिलेत, ज्यांनी खरं म्हणजे एकच गाव बारा वेळा पाहिलं. गेटच्या बाहेर पडले ते फक्त स्टेशनवर जायला. तूही त्यातली होऊ शकतेस. थकलेल्या माणसाला मेसची खुर्ची फार गोड लागते.

पण डॉक्टरला एक गोष्ट मिळते, जी इतरांना मिळत नाही. इन्फंट्रीतला अधिकारी साधारणपणे आपल्या रेजिमेंटशी जन्मभर बांधलेला असतो. गढवाल रायफल्समधला माणूस गढवाल आतून-बाहेरून ओळखतो, तिथल्या शिव्या आणि देवसुद्धा. आर्मी मेडिकल कोअरचा डॉक्टर मात्र कोणाचाच नसतो, म्हणून सगळ्यांचा होतो. दोन-तीन वर्षं गढवाली, मग मद्रास रेजिमेंटचे तमिळ आणि मल्याळी, मग आसाम रेजिमेंट, मग गोरखे. त्या त्या पलटणीचा सण तुझा सण आणि तिचा बडाखाना, म्हणजे सगळ्यांची एकत्र पंगत, तुझा बडाखाना. शिवाय माणसं तुझ्यापुढे शर्ट काढून बसतात आणि कुठे दुखतं ते सांगतात. कमांडिंग ऑफिसरला जे कधी कळत नाही, ते तुला सकाळी आजारी जवान रांगेत येतात त्या सिक रिपोर्टला कळतं.

या 'दुखतं' वरून आठवलं. फौजेची भाषा हिंदी. पण माणूस खरोखर कळवळला की हिंदी सुटते आणि आईची भाषा तोंडात येते. गोरखा म्हणतो, 'पेट दुख्यो.' हे ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, हा सांगली-मिरजेकडचाच कोणीतरी आहे! मल्याळी 'वेदना' म्हणतो, म्हणजे आपण कवितेसाठी राखून ठेवलेला शब्द तो दाढदुखीला वापरतो. बंगाली 'ब्यथा' म्हणतो. आपल्याकडे व्यथा मनाची असते, त्याच्याकडे गुडघ्याचीही असते. तमिळ माणूस 'वली' म्हणतो, आणि तिथे आपली सगळी मदत संपते.

आसामी जवानाने मला कसं फजीत केलं ते सांगतो. रात्री दोनला त्याला आणलं. पोट धरून वाकलेला, आणि तोंडात एकच, 'पेटर बिख, पेटर बिख.' आपल्याकडे विख म्हणजे काय, तुला सांगायला नको. मी पोट धुवायची नळी मागवली, काय प्यायलास म्हणून दरडावू लागलो, नर्सिंग असिस्टंटला त्याची खोली तपासायला पिटाळलं. शेवटी त्याच्याच गावाकडचा एक हवालदार डोळे चोळत आला आणि म्हणाला, साब, आसामीत दुखण्याला 'बिख'च म्हणतात. लिहितात 'विष', म्हणतात 'बिख', आणि अर्थ निव्वळ कळ. पोराला आमांश झाला होता. पुढे सहा महिने मेसमध्ये माझं नाव 'जहर डॉक्टर' होतं. ती नळी पाहून त्याने डोळे कसे मोठे केले, ते अजून आठवतं.

मला म्हणायचं आहे ते हेच. डॉक्टरला देश शरीरावरून दिसतो. त्यासाठी वेगळं फिरावं लागत नाही, पण थांबावं लागतं.

राजस्थानात भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या कित्येक गावांतल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी, डागाळलेले असतात. जबडा उघडला की त्याची विहीर दिसते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात जुन्या माणसांच्या गळ्याला गलगंडाची सूज दिसायची, कारण डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन पावसाने धुऊन नेलेलं. आपण मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' वाचतो आणि पुढे जातो. त्या एका शब्दामागे कांगडा खोऱ्यातल्या माणसांवर वर्षानुवर्षं झालेला अभ्यास आहे.

ईशान्येत माझ्याकडे एक तरतरीत जवान होता. हिमोग्लोबिन जरासं कमी, रक्तपेशी बारीक. मी पुस्तकाप्रमाणे लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने झाले, काही फरक नाही. गोळ्या फेकून देतोस म्हणून त्याला झापलं. मोठ्या रुग्णालयातल्या एका वरिष्ठ सरांनी रिपोर्ट पाहिला आणि मलाच झापलं. हिमोग्लोबिन ई हा हिमोग्लोबिनचा जन्मजात वेगळा प्रकार आसाम आणि ईशान्य भारतात सर्रास आढळतो. त्या पोराच्या रक्ताला लोहाची गरजच नव्हती, ते तसंच होतं आणि ठीक होतं. सर म्हणाले, 'विदर्भातल्या पोराच्या बाबतीत सिकल सेलचा विचार करतोस ना? मग इथे आल्यावर इथला विचार कर.' माझं सगळं शिक्षण पुण्या-मुंबईच्या रक्तावर झालं होतं.

लडाखचं तर आणखी विचित्र. तिथल्या काही खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या छातीचे एक्स-रे असे येतात, की आपण बेधडक क्षयरोग लिहावा. ती असते सिलिकोसिस, खाणकामगारांचा आजार. पण गावात खाण नाही, दगड फोडायचा कारखाना नाही. आहे ती वसंतातली धुळीची वादळं, आणि हिवाळाभर बंद घरात कोंडलेला चुलीचा धूर. हे मी तिथल्या एका वैद्यकीय शिबिरात शिकलो. लष्करी रुग्णालय मुळात जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतं, पण सरहद्दीकडच्या भागात सैन्य गावकऱ्यांसाठीही शिबिरं घेतं. तिथे ड्युटी लागली की नाक मुरडू नकोस. बाकीचे अधिकारी तिथे उद्घाटनापुरते येतात. तू दिवसभर बसणार आहेस.

नाहीतर फौजेत तुला देशाचा फार लहान तुकडा दिसेल. वीस ते चाळीस वयाचा, धडधाकट, बहुतेक पुरुष. म्हाताऱ्या नाहीत, बाळंतिणी नाहीत, तान्ही मुलं नाहीत. फॅमिली वॉर्डात थोड्या भेटतील. बाकीचा देश गेटबाहेर असतो.

गढवाली पलटणीबरोबर मी लडाखमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे उतरल्यावर पहिले सहा दिवस शरीराला सवय होण्यासाठी ठरवून दिलेले असतात. आधी नुसता आराम, मग थोडं चालणं. त्याहून वर जायचं तर पुन्हा चार दिवस, आणखी वर गेलं की पुन्हा चार. सुट्टीवरून परतलेल्यालाही हे पुन्हा करावं लागतं. हे नियम कागदावर बसून केलेले नाहीत. 1962 च्या युद्धाच्या वेळी आणि नंतर सपाटीवरचे हजारो जवान घाईने उंचावर पाठवावे लागले आणि आजारी पडले. त्यांच्यावर लष्करी डॉक्टरांनी अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1,925 जवानांवरचा लेख 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तो मिळवून वाच. जगभरचे गिर्यारोहणाचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात.

तर त्या पलटणीत चमोलीकडचा एक पोरगा सुट्टीवरून आला. 'साब, मैं तो पहाडी हूँ' म्हणून त्याने खोकला लपवला. डोंगरातला माणूस, त्याला डोंगर काय करणार? पण त्याचं गाव आमच्या चौकीच्या निम्म्या उंचीवरही नव्हतं. रात्री छातीत घरघर, ओठ निळे, थुंकीला गुलाबी फेस. याला आम्ही 'हेपो' म्हणतो, उंचीमुळे फुफ्फुसात पाणी भरणं. खरं औषध एकच, खाली नेणं. पण रात्री हेलिकॉप्टर येत नाही. ऑक्सिजन लावला, औषध दिलं आणि त्याला हेपो बॅगेत घातलं. झोपायच्या पिशवीसारखी हवाबंद पिशवी असते. पंपाने हवा भरत राहिलं की आतल्या माणसापुरती उंची दीड-दोन हजार मीटरने उतरते. पण पंप थांबवायचा नाही. उणे वीसमध्ये आम्ही पाच जण आळीपाळीने पहाटेपर्यंत पायपंप मारत होतो. पाचांत एक तमिळ, एक ओडिया, दोन गढवाली आणि मी. पिशवीला लहानशी खिडकी असते, तिच्यातून तो आमच्याकडे बघत होता. सकाळी त्याला खाली नेलं, वाचला. पुढे त्याने मला त्याच्या गावाला नेलं. शेवटची मोटार सुटल्यावर चार तास चढ. मला तिथे धाप लागली आणि त्याची आई हसली.

तुझ्या जमाखर्चात आणखी एक गोष्ट मांड. त्याच लडाखमध्ये असताना माझे वडील गेले. निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. हिमवृष्टीने विमानं बंद, खिंड तर हिवाळ्यात बंदच. मी धावपट्टीशेजारच्या ट्रान्झिट कॅम्पात चार दिवस बॅग भरून बसलो होतो. गावी पोचलो तो दहाव्याला. भावाने सगळं केलं होतं. तो काही बोलला नाही, आणि अजूनही बोललेला नाही. तुझे बाबा गप्प आहेत म्हणतेस ना, त्यांच्याशी एकदा बस. कदाचित त्यांना हेच सुचलं असेल आणि सांगता येत नसेल.

व्यवहाराचं थोडक्यात. शॉर्ट सर्व्हिस पाच वर्षांची असते. पुढे दोन टप्प्यांत आणखी नऊ वर्षं वाढवता येते. कॅप्टन म्हणून रुजू होशील आणि लखनौला प्रशिक्षण होईल. भूदल, नौदल, हवाई दल, कुठेही पाठवतील, तेव्हा हिमालय मनात धरशील आणि कदाचित पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्री विजयपुरमला, नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात जाशील. पीजी मागे पडू शकतं. पीजी ही तुझी खरी ओढ असेल, तर आधी ते कर आणि मग अर्ज कर, पीजी केलेल्यांना वयाची सवलतही जास्त आहे. नेमके नियम त्या वर्षीच्या जाहिरातीत वाच, माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या आठवणीवर जाऊ नकोस.

मुलगी म्हणून काय? माझ्या उमेदीत डॉक्टर मुलींना बहुधा मोठ्या रुग्णालयांत ठेवत. आता 2023 च्या डिसेंबरात कॅप्टन गीतिका कौल या महिला डॉक्टर सियाचीनच्या चौकीवर तैनात झाल्या. आपल्या माधुरी कानिटकर पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकून लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. दारं उघडली आहेत. पण दूरच्या चौकीवर तुझ्यासाठी वेगळं न्हाणीघर असेलच असं नाही, हेही आईला आधीच सांगून ठेव. नंतर कळलं तर ती मला शिव्या देईल.

आता तू जाणारच असशील तर. (तुझ्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं, तुझं ठरलेलं आहे.)

माझा पहिला नर्सिंग असिस्टंट, मुरलेला माणूस, प्रत्येक रुग्णाला नाडी बघता बघता विचारायचा: गाव कुठलं, स्टेशन कुठलं, आणि स्टेशनापासून गावाला कसा जातोस? मला आधी वाटलं, टाइमपास करतोय. पण तिसऱ्या प्रश्नाला माणूस खुलतो. स्टेशनापासून नाव, मग ट्रॅक्टर, मग नदीतून चालत. पावसाळ्यात ते पण नाही. दोन महिन्यांच्या सुट्टीतले चार-चार दिवस नुसते जाण्यायेण्यात जातात. हा माणूस सुट्टीवरून उशिरा का आला, त्याच्या बायकोला बाळंतपणाला कुठे नेतात, पोराला लस मिळते का, सगळं त्या एका उत्तरात येतं. मी हे उचललं आणि निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. आजही एखादा बिहारी रिक्षावाला भेटला की तोंडातून स्टेशनाचं नाव विचारलं जातं.

नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या बोलीत पाच वाक्यं शिकून घे. कुठे दुखतं, कधीपासून, श्वास घे, जीभ दाखव, घाबरू नकोस. 'घाबरू नकोस' आधी शीक. रोज काहीतरी लिहून ठेव, पण युनिट, ठिकाण, संख्या यातलं काही नाही, आणि फोटो तर मुळीच टाकायचे नाहीत. माणसं लिही, पदार्थ लिही, शब्द लिही.

आईला सहा महिन्यांनी बोलावून घे, जिथे कुटुंबाला नेता येतं अशा ठिकाणी. माझी आई तवांगला आली होती. सेला बोगदा तेव्हा नव्हता, खिंडीवरून यावं लागायचं. वर गाडी थांबवून तिने बर्फाला हात लावला आणि म्हणाली, 'एवढ्यासाठी एवढ्या लांब!' तिथे पुरण घालायला बसली तर हरभऱ्याची डाळ शिजेना. उंचावर पाणी लवकर उकळतं आणि उकळलं तरी पुरेसं तापत नाही, हे तिला समजावता समजावता मी थकलो. शेवटी शेजारच्या मोनपा, म्हणजे तिथल्या स्थानिक जमातीच्या, बाईने खुणेने बोलत कुकर आणून दिला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तिने आईला लोण्याचा खारा चहा पाजला. आईने तो अख्खा प्यायला, मग घरी येऊन दोन वेळा चूळ भरली. पण पुढे गावात ती 'आमच्या तवांगात' असं म्हणायची.

मुलाखतीत खरं कारण सांग, हसणार नाहीत. पुढचा प्रश्न येईल, कुठला भाग बघायचाय? त्याचं उत्तर तयार ठेव, आणि काश्मीर सांगू नकोस, सगळे तेच सांगतात.

निवड झाली तर काळी लोखंडी ट्रंक घे. कुलूप आपल्या गावातलंच चांगलं घे. नाव आणि हुद्दा पांढऱ्या रंगाने रंगवून घे. युनिटची ओळ मात्र आधी खडूनेच लिही. माझ्या ट्रंकेवर सात युनिटं एकावर एक रंगवलेली आहेत, आता एकही वाचता येत नाही. हिने त्यात जुन्या गोधड्या ठेवल्यात.